प्रार्थनेतला प्रचार

आमच्या भोरच्या चर्चमध्ये एक नियम फार कडक आहे बरं का, निवडणुकीत प्रचार करायचा नाही. धर्मप्रांताच्या परिषदेवर मंडळीतून एकजण निवडून पाठवायचा असतो. मी शाळेतला गुरुजी, म्हणून गेल्या तीन खेपा मलाच पाठवलं होतं. यंदाही मी निर्धास्त बसलो होतो.

मतदानाआधी पाळकसाहेब म्हणाले, "कुणीतरी प्रार्थना करा." आमच्याच मंडळीत येणाऱ्या, विंझर गावच्या मार्थामावशी उठल्या. आम्ही डोळे मिटले.

"देवबापा, गुरुजींना तू तीनदा पाठवलंस. त्यांनी तिथं तोंड उघडलं न्हाई. आमच्या विंझरला अजून महिन्यातनं एकदाच पाळक येत्यात. आता मला पाठव. मी दर रविवारसाठी पाळक मागून आणते. मला लई बोलता येतं, तुला म्हाईतच हाय."

पाळकसाहेब नुसते खाकरले. चालू प्रार्थनेत कोण कुणाला थांबवणार?

"आमेन!" डोळे उघडले तर सगळे माझ्याकडे बघत होते. सवयीनं सगळ्यांत मोठ्यानं मीच म्हणालो होतो!

मग चिठ्ठीवर मावशींचंच नाव लिहावं लागलं. देवासमोर हो म्हणून बसलो होतो ना.

मावशी निवडून गेल्या, आणि आता विंझरला दर रविवारी उपासना होते. मीही जातो. फक्त मावशी प्रार्थनेला उठल्या, की आमेन जरा ऐकून म्हणतो.