आण्णांची भावकी

हॅलो?… हां, क्रांती. मीच लावत होतो मघापासनं… न्हाई, आण्णा बरे हायत. अगं बरे हायत, आधी ऐक.

त्या डीएनए तपासणीचा निकाल आला… तीच की, माझी लाळ दिलती ती. आण्णांच्या, आपल्या बापाच्या ओळीचा गट ‘एल’… म्हंजे बाप लेकाला देतो, तो त्याच्या लेकाला, जवळजवळ जसंच्या तसं. हजारो वर्षं… तुझ्यात? तुझ्यात न्हाई गं, लेकींना जात न्हाई ते… माझ्यावर का चिडतीस? वाटणी मी केली व्हय?

ऐक ना. जुळणारं माणूस सापडलंय… माणूस, माणूस. कुरुंदवाडला. भरमाप्पा म्हणून… हो, लिंगायत. घरात निम्मं कानडी. त्यांच्या नातीनं, शांभवीनं, हौसेनं आजोबांची तपासणी केलेली.

सख्खे का चुलत, ते ह्यात कळत न्हाई. पण बापाची ओळ एकच, आणि लांबची न्हाई… तेच तर. आण्णा जत्रेत सापडलेलं पोर. वस्तादांनी तालमीत वाढवलं, आडनाव त्यांचं, जात त्यांची. माझ्या लग्नात देवकसुद्धा वस्तादांच्या घरचं उसनं. मांडवात आण्णा मान खाली घालून बसलेले, आठवतंय?… आणि भावकी हितं, एका एसटीच्या अंतरावर.

आण्णांना भरमाप्पांचा फोटो दाखवला की. चष्मा लावून लई वेळ बघितला. “ह्यो मी न्हवं,” म्हणाले. मग स्वतःचं नाक चाचपत बसले… व्हय, तसंच नाक.

रविवारी जायचं ठरलं होतं… होतं. आत्ता शांभवीचा फोन आला. भरमाप्पा पहाटे गेले… न्हाई गं. भेट न्हाई झाली.

सांगितलं आण्णांना. दुपारी माती हाय. मी तिला विचारलं, सुतक किती दिवस? म्हणाली, काका, आमच्यात पाळत न्हाईत… मग आपण धरायचं का? कुठल्या नात्यानं?… मला काय म्हाईत, म्हणून तर तुला विचारतोय…

थांब. थांब जरा… आण्णा न्हाणीत गेलेत… झालीती की सकाळची आंघोळ… थंड पाणी घ्यायला लागलेत. डोक्यावरनं.

कुणी सांगितलं न्हाई, क्रांती. आपणहून… हो. बापाकडच्या माणसासाठी जन्मात पहिल्यांदा…

ऐकू येतंय?… फोन दाराशी धरतो, थांब…

ऐकलंस?… तांब्यावर तांब्या ओतायला लागलेत… ये. सरळ कुरुंदवाडलाच ये, आम्ही निघतोच… एक मिनिट, हाक मारायला लागलेत. टॉवेल पायजे असंल… काय, आण्णा?… काय?…

अगं… ते विचारायला लागलेत, थोरला कोण? मी का त्यो?…

न्हाई विचारलं गं मी. सुचलंच न्हाई… ठेव, ठेव तू. शांभवीला लावतो.