राहिलेले दोन बोल्ट

आदरणीय अध्यक्ष, राजुरीचे सोमाजीराव औटी; व्यासपीठावरील मान्यवर; आजचे सत्कारमूर्ती मेहबूबभाई मोमीन, खातूनभाभी; आणि जुन्नर पेठेतल्या माझ्या दुकानदार बंधू-भगिनींनो,

मी भरत. मूळ गाव निरगुडसर. या कार्यालयामागचं गॅरेज माझं. कोणत्याही कोर्सला न जाता इंजिन शिकलो, हे मी जरा छाती काढूनच सांगतो.

मेहबूबभाईंनी पेठेला काय दिलं, हे आधीच्या वक्त्यांनी सांगितलं. फवारणी पंपाचे वायसर, ट्रॅक्टरचे बुश, सगळं खरं. पण एका वक्त्यानं त्यांना ‘पंक्चरवाले’ म्हटलं, तेवढं दुरुस्त करतो. ते साच्यात रबर भाजतात. आता मुलीकडं, आयशाकडं, हैदराबादला निघालेत. सामानाचा टेम्पो बाहेर उभा आहे.

माझी लाल गाडी तुम्ही पाहिलीय. दोन सीटची, बसकी, स्पोर्टची. शिनोलीच्या एका बंगल्यात ताडपत्रीखाली सडत होती, ती मी आणली. इंजिन ज्या रबरांवर बसतं, त्यांना आम्ही फाउंडेशन म्हणतो. ती तेल पिऊन फुगलेली, कडेनं चिरलेली. इंजिन एका अंगाला कललेलं. गिअर टाकला की धाडकन आवाज. नवी रबरं कुठं मिळणार? कंपनीनं ती गाडी कधीच बंद केली.

त्या रबरांच्या जुन्या लोखंडी पट्ट्या घेऊन मी मेहबूबभाईंकडं गेलो. म्हटलं, “कडक करा, इंजिन हलता कामा नये.”

“भरतभाऊ, इंजिन काय बैल हाय व्हय, दाव्याला बांधायला? त्याला झेलायचं असतंय.”

“मला शिकवू नका.”

“न्हाई शिकवत. दात खुळखुळले की या.”

केली त्यांनी कडक. आणि खरंच, गाडी अशी थरथरली, की आरशात मागची एसटी आहे की म्हैस, तेही कळेना! पुन्हा गेलो. त्यांनी हसून मऊ रबर भाजलं. त्या हसण्यावर मी दोन दिवस बोललो नाही, आणि ते दोन दिवस मला फार जड गेले. गॅरेजात दिवसभर आवाज असतो हो, पण बोलणं कुठं असतं?

आता फाउंडेशन बसवण्याची रीत ऐका. बोल्ट लगेच आवळायचे नाहीत. सैल ठेवून इंजिन चालू करायचं, त्याला स्वतःची जागा घेऊ द्यायची, मग आवळायचं. एकानं सीटवर बसून एक्सलेटर द्यायचा, दुसऱ्यानं बोनेटखाली वाकायचं. स्टिअरिंगची थरथर गेली की बसलेल्यानं म्हणायचं, ‘बास.’ एक्सलेटरवर दगड ठेवून होत नाही का? होतं. पण दगड ‘बास’ म्हणत नाही.

दिवाळीपासून संध्याकाळी दुकान बंद करून मेहबूबभाई त्या सीटवर येऊन बसतात. एक्सलेटर देतात, पेठेतल्या गप्पा सांगतात, भाभींनी दिलेला चहा थर्मासमधून ओततात. जाताना विचारतात, “बसलं का इंजिन?”

मी म्हणतो, “बसतंय.”

मंडळी, इंजिन पहिल्याच संध्याकाळी बसलं होतं. डावीकडचे दोन बोल्ट मी आवळले नाहीत. आवळले असते, तर काम संपलं असतं.

परवा त्यांना म्हटलं, अजून थोडं राहिलंय. तर म्हणाले, “राव, मी रबरवाला हाय. पहिल्याच दिवशी स्टिअरिंग गप झालं व्हतं. मला वाटलं, तुमी बोलवताय, तवर यावं.”



अध्यक्षमहाराज, शाल-श्रीफळ झालं. माझ्याकडून हार नाही, पाना आहे. खिशात घेऊनच आलोय. ती गाडी बोल्ट सैल ठेवून उभी करायची नाही, आणि उद्या त्या सीटवर कुणी नसेल. मेहबूबभाई, दोन मिनिटं चला. तुम्ही बसा, मी वाकतो. ‘बास’ मात्र तुम्हीच म्हणायचं. आणि जरा उशिरा म्हटलंत तरी चालेल.

संयोजकांनी मला बोलू दिलं, त्यांचे आभार. कुणाचं नाव राहिलं असेल, शब्द कमी-जास्त गेला असेल, तर आपला म्हणून पोटात घाला. पंगत सुरू करा. आमची दोन ताटं तेवढी झाकून ठेवा.