आम्ही की आपण

हॅलो? …हो, मी तुमच्या वर्तमानपत्राच्या ऑफिसातून बोलतेय. तुम्ही मोबाईलवर वाचता ना, त्याच… नाही, नाही, काही विकायचं नाहीये! अहो, ऐका ना… तुम्ही वर्गणी बंद करताय, म्हणून…

मला कसं कळलं? दिसतं इथे. सकाळी तुम्ही 'वर्गणी रद्द करा'च्या पानावर गेलात आणि अकरा मिनिटं तिथेच थांबलात. बटण दाबलं नाहीत, मागेही फिरला नाहीत…

पाळत म्हणा हवं तर. पण राहवेना हो मला. अकरा मिनिटं काय करत होतात?

…चूक? आमची? ती सांगा, पण आधी हे सांगा, सोडून का चाललात? 'खास तुमच्यासाठी' हे पान मीच बनवलंय. रोज गुडघेदुखी, रोज बागकाम… गुडघे ठणठणीत आहेत? …बागही नाही? …अहो, वय बघून लावलं ते. आजी, माझं म्हणणं… बरं, आजी नको. ताई म्हणते.

…'चूक कळवा'चं बटण? हो, मीच काढलं, गेल्या महिन्यात. कोणी दाबतच नव्हतं. म्हणजे, एकच जण…

…तुम्ही?

थांबा, फोन ठेवू नका. उघडतेय… अगं बाई! चौदाशे बारा चुका कळवल्यात तुम्ही! …नाही, कोणी वाचल्या नाहीत. खोटं कशाला बोलू? …आता वाचतेय ना मी. 'शहरात दोन दिवस पाणि नाही. पाणि म्हणजे हात. शहराला हात आहेत, पाणी नाही.' …हसू नको तर काय करू! …'कामगार दीन उत्साहात साजरा.' दीन म्हणजे गरीब? …मग ती बातमी अगदीच खोटी नव्हती हो!

…छापखान्यात? मुद्रितं तपासायचात? किती वर्षं? …एकतीस. आणि मग घरी बसल्यावर रोज सकाळी, चहा झाला की, आमच्या बातम्या… हो, हो… म्हणजे तुम्ही रोज कामावर येत होतात. आणि मी तुम्हाला काढून टाकलं. वर गुडघेदुखी दिली.

…बरं, सांगा आता, अकरा मिनिटांची चूक. त्या पानावरचं निरोपाचं वाक्य? तेही माझंच. 'आम्ही पुन्हा भेटू'. …काय चुकलं त्यात? ऱ्हस्व-दीर्घ तर… अहो, मला कोणी शिकवलं नाही हे, बघून बघून शिकले, जरा सोपं करून…

…आम्ही म्हणजे आम्ही. ऑफिसातले. …आम्ही आमच्यात भेटू. …तुम्ही त्यात नाही.

अगं आई गं.

…ताई, जाणाऱ्या प्रत्येक माणसाला मी हेच दाखवतेय. वर्षभर. …आणि तुम्ही निघता निघता, अकरा मिनिटं, हे कळवायचं बटण शोधत बसलात?

एक मिनिट हं. चार वाजता साहेबांना सांगायचंय, वाचक टिकावेत म्हणून नवीन काय करणार. आत्तापर्यंत डोकं रिकामं होतं माझं… नाही, बोला तुम्ही, मी टाईप करतेय… झालं. ते पान परत उघडा बरं. …काय दिसतंय? …हो, 'आपण'. आणि वर? …तेच बटण. सध्या फक्त तुमच्याकडे. …वाचणार म्हणजे? मी वाचणार. उत्तरही मीच देणार.

…रद्द करायचं असेल तर खाली लाल बटण आहेच. मी अडवणार नाही.

…हॅलो? …ताई, काय दाबलंत?

…थांबा, इथे काहीतरी आलं. चौदाशे तेरा. '"भेटू"पुढे पूर्णविराम नाही.'

…टाकते. टाकते हो! …ठेवते आता. आपण उद्या बोलू… हो, पूर्णविरामासकट.