उपवासाची साखर

मंडळी, आज एकादशी! मला एक सांगा — आज उपवास कुणासाठी केलात?

"देवासाठी!" वा! काय दणक्यात उत्तर आलं! खिचडी बरी झाली होती वाटतं!

हसा, हसा. पण प्रश्न तिथं संपत नाही. देवाच्या नावानं केलं, मनापासून केलं, पण काय करतोय तेच नीट कळलं नाही — तर ते पावतं का हो? ऐका!

पिंपळखोरे नावाचं गाव. तिथं द्वारकाकाकू टेमघरे. काकूंची रांगोळी म्हणजे काय सांगू! चिमटीतून रेघ सुटली की दोरा ताणल्यासारखी सरळ! देवळापुढं सणावाराला मोर काढायच्या — लोक चपला हातात घेऊन कडेकडेनं आत जायचे. पण डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. त्या दिवाळीत काकूंनी अंदाजानंच मोर काढला. एक सासुरवाशीण कौतुकानं म्हणाली, "काकू, बदक किती गोड झालंय!"

हसलात? काकूही हसल्या. घरी गेल्या, रांगोळीचा डबा माळ्यावर टाकला आणि पदर डोळ्याला लावून बसल्या.

डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन करू. पण आधी साखर खाली आणा." मुलगा सुधन्वा, गुणाचा हो! त्यानं बोटाला टोचून साखर मोजायचं यंत्र आणलं, आईच्या फोनमध्ये ॲप घातलं. मोजायचं, आकडा ॲपमध्ये टाकायचा, की तालुक्याला मधुमेहाच्या डॉक्टरीणबाईंना लगेच दिसतो! आणि आकडे कसे? हे मोठ्ठाले! मोतीबिंदूवाल्यालाही दिसावेत असे!

त्या ॲपमध्ये दोन रकाने. एक — 'जेवणानंतरची साखर'. दुसरा — 'उपवासाची साखर'.

झालं! काकूंना तर आनंदच झाला. "अरे सुधन्वा, फोनसुद्धा धार्मिक आहे रे! उपवासाचं वेगळं विचारतो!"

काकूंचे उपवास किती? सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी... आता मला सांगा, उपवासाची साखर कधी मोजायची? उपवासाच्या दिवशी! बरोबर? काकू दुपारी साबुदाण्याची खिचडी खायच्या, वर रताळ्याचा गोड कीस घ्यायच्या, आणि मग श्रद्धेनं बोट टोचायच्या!

तिकडं डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. ही बाई जेवली की साखर बरी, आणि उपाशी राहिली की आभाळाला टेकते? हा कुठला आजार? ऑपरेशन एकदा पुढं ढकललं. दुसऱ्यांदा ढकललं. काकू मुलाला म्हणाल्या, "राहू दे रे आता. देवाला माझी रांगोळी नकोय बहुतेक."

तिसऱ्यांदा आकडा चढला तेव्हा डॉक्टरीणबाई गोळी वाढवायला निघाल्या होत्या. पण मनात काहीतरी खटकलं. त्यांनी सरळ व्हिडिओ कॉल लावला.

"काकू, आता माझ्यासमोर मोजा बघू."

"थांबा हं, डॉक्टरीणबाई! एवढी बशी संपवते."

"कसली बशी?"

"उपवासाची!"

फोनमध्ये खिचडीचा डोंगर! त्यावर ओलं खोबरं, शेजारी रताळं!

डॉक्टरीणबाई आधी पोट धरून हसल्या, मग गंभीर झाल्या. "काकू, ही उपवासाची साखर नव्हे हो! रात्री जेवल्यावर पोटात काही जायचं नाही, सकाळी उठल्यावर मोजायची, ती! मी गोळी वाढवली असती तर साखर धाडकन खाली जाऊन तुम्ही भोवळ येऊन पडला असता."

काकूंचा चेहरा उतरला. "म्हणजे इतक्या वर्षांचा माझा उपवास खोटा?"

मंडळी, काय उत्तर द्यावं या प्रश्नाला? मी एवढ्या पोथ्या चाळल्या, मला सुचलं नसतं! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उपवास खरा आहे काकू. पण खिचडीही खरी आहे!"

काकूंनी बशी बाजूला सारली. मग म्हणाल्या, "सांगा, काय करू?"

उपवास मोडायला लावला नाही त्यांनी! गोळ्या घेणाऱ्यानं रिकाम्या पोटी राहू नये, म्हणून ताक, काकडी, मूठभर शेंगदाणे, राजगिऱ्याची लहानशी भाकरी असं ठरवून दिलं. खिचडी? डोळ्यांनीही बघायची नाही! तसंही दिसत नव्हतंच!

आणि काकू हट्टी हो! रोज संध्याकाळी देवळाला फेऱ्या, रोज सकाळी बोटाला टोचणी. ॲपमधली लाल रेघ उतरायला लागली. पिवळी झाली. आणि एका सकाळी — हिरवी! काकू गल्लीभर फोन दाखवत फिरल्या! नातू झाल्यावर पेढे वाटले होते, आता काकड्या वाटल्या!

पुढं ऐका! डॉक्टरीणबाईंनी ॲपवाल्यांना कळवलं — तो शब्द बदला, 'उपाशीपोटी' लिहा. काकू म्हणाल्या, "तेवढ्यानं भागायचं नाही. आमच्यात चहाला खाणं धरत नाहीत! 'चहाआधी' असं लिहा!"

लिहिलं! आज त्या रकान्यात लिहिलेलं आहे — 'सकाळी उठल्यावर, चहाआधी'!

मंडळी, उप म्हणजे जवळ, वास म्हणजे राहणं. देवाजवळ राहायचं, तो उपवास. आपण काय करतो? खिचडीजवळ राहतो! वास येतो तो तिचाच! देवानं हा देह सांभाळायला दिलाय, तो सांभाळणं हीसुद्धा पूजाच आहे!

ऑपरेशन झालं का? अहो, मला काय विचारता! आत येताना दारात रांगोळी पाहिलीत ना? काय काढलंय?

मोर! नक्की मोर ना? बदक नाही ना?

ऐकलंत, काकू? सगळा मंडप म्हणतोय मोर! त्या बघा, खांबाशी बसल्यात. अहो, डोळे पुसू नका, आत्ताच नवे झालेत!

आता तुमची पाळी. ज्यांना साखर आहे त्यांनी हात वर करा. लाजताय काय! बाकीच्यांनीही एकदा तपासून घ्या. उद्या सकाळी मोजायची. कधी? मला ऐकू आलं नाही! काकूंना ऐकू जाऊ द्या — कधी?

चहाआधी! वाजवा टाळी!