तिसऱ्या तासाले दरवाज्यात

मायं म्हायेर गुडीहत्नूरच्या अलीकडं, बौद्ध लोकायची पंधरा-सोळा घरं, मायबाप दुसऱ्याच्या वावरात अन् मी त्यायच्या मागं मागं. मिरच्या तोडाले जात होतो ते वावर एका तेलुगू मानसाचं, त्याची बायको दिवसभर मले शिव्या दे, त्या शिव्या आयकू आयकूच मी तेलुगू शिकली, शाळेचं तोंड काई पाह्यलं नाई. काय सांगू तुमाले, पुढं त्याच तेलुगूवर एका शाळेचं इंग्रजी चाललं. हसू नका भाऊ, खरंच सांगून राह्यली, लिहा तुमी.

लग्न करून इकडं आली. आमचे हे शाळेत अटेंडर होते, तापानं गेले, वनिता तवा चौथीत, अन् त्यायच्या जागेवर मले घेतलं. घंटा देनं, झाडनं, पानी भरनं, सायेब आले का चहा. नोकरी कच्ची. पक्की कवा होईन, तं हेडमास्तर कागदावर दस्तखत करून आदिलाबादले धाडीन तवा. तो कागद त्याच्या टेबलाच्या खनात पाच वर्स पडून, अन् तो टेबल रोज पुसाची मी.

आता शाळेचं आयका. राज्य तेलुगूवाल्यायचं, पन शाळा मराठीची, लेकरं मराठी, अन् इंग्रजीले सार, म्हंजे मास्तर, धाडला तो पार समुद्राकडचा, त्याले मराठीतलं पानी माईत नाई. तो इंग्रजी वाचे अन् त्याचा अर्थ तेलुगूत सांगे. म्हंजे लेकरायले एक समजत नव्हतं तिथं दोन झाले. लेकरं बसत गोट्यावानी. सार म्हने, ह्या लोकायचे लेकरं ढच राह्यतात. हेडमास्तर म्हने, खरं हाये. तो निर्मल गावाकडचा, त्याले कामापुरती मराठी समजे, तरी त्याच्या डोक्यात आलं नाई का बाबा, ह्या लेकरायले आपन कोनत्या भाषेत समजावून राह्यलो. एवढे शिकेल मानसं. मी अंगठेबहाद्दर, मले पह्यल्याच दिवशी समजलं.

एक दिवस खडू द्याले गेली तं सार तेलुगूत वरडून राह्यला, पुस्तकं बंद करा, अन् लेकरं नुसते त्याच्या तोंडाकडं पाहून राह्यले. मी म्हनलं, अरे, पुस्तकं मिटवा. पटापट मिटवले. साराले लय आनंद झाला, म्हने अम्मा, तू इथंच हुभी राय. तवापासून रोज तिसऱ्या तासाले मी दरवाज्यात, हातात झाडू. सार इंग्रजीचं तेलुगू करे, मी तेलुगूचं मराठी करो. इंग्रजीतलं मले आजबी काई येत नाई, पन लेकरं लिहू लागले, तोंड उघडू लागले. तीन वर्स असं चाललं. सार खुर्चीत, मी हुभी, अन् चांगलं शिकवते म्हून नाव साराचं. मंग वनिताबी नववीत त्याच वर्गात आली, घरी येऊन म्हने माय, तू सांगते तेच ध्यानात राह्यते.

तेवढ्यात वरून हुकूम आला का मराठीच्या लेकरायचं इंग्रजी कच्चं हाये, त्यायले आधार द्या. लय गोड शब्द हाये हा आधार. त्याच्यासाठी सार धा दिवस हैदराबादले शिकाले गेला, येतानी रंगीत तक्ते आनले, चित्राचे पत्ते आनले, हातात घालाच्या बाहुल्या आनल्या. लेकरं पाह्याले धावले तं हेडमास्तर म्हने मळवतीन, अन् समदं कपाटात घालून कुलूप. आठ दिवसानं कपाट उघडून धूळ पुसाची मी, म्हंजे त्या बाहुल्या हातात घेतल्या त्या मीच. शाळा सुटल्यावर आधाराचा तास, तो रजिस्टरात रोज भरे अन् सार त्या टायमाले बसस्टँडवर चहा पेत बसे. नाव मोठं लक्षन खोटं, दुसरं काय.

हा आधार पाह्याले आदिलाबादचे सायेब येनार होते. त्या दिवशी सकाळी हेडमास्तरानं मले बोलावलं. म्हने, आज दरवाज्याकडं फिरकू नोको, अटेंडर शिकवते म्हून सायेबाले समजलं तं मायी शोभा होईन, तू आपला चहा कर. अन् खनातला तो कागद काढून टेबलावर ठेवला, माया डोळ्यापुढं. म्हने, सायेब गेले का दस्तखत करतो.

मी चहा घेऊन वर्गात गेली. सायेब तेलुगूच. त्यायनं इंग्रजीत इचारलं, मंग तेलुगूत इचारलं, का इतक्या वर्सापासून शिकून राह्यले तं एक वाक्य काऊन सांगता येत नाई. तं मायी वनिता हुभी राह्यली अन् मराठीत म्हनली, सार जे सांगते ते आमाले मायी माय समजावून सांगते, आज तिले इथं येऊ नाई देलं. सायेबाले समजलं नाई. साराले समजलं नाई. हेडमास्तराले समजलं, पन तो मोठा हुशार, म्हने सायेब, ह्या अटेंडरले दोन्ही भाषा येतात, हिलेच इचारा. सायेब म्हने, सांग अम्मा, काय म्हनते पोरगी.

हातात चहाचा ट्रे. मी हेडमास्तराकडं पाह्यलं. अन् तेलुगूत म्हनलं, सायेब, पोरगी म्हनते सार चांगलं शिकवतात, आमीच अभ्यास करत नाई.

सायेब खूश झाले, म्हने पोरगी इमानदार हाये, अन् चहा घेतला. वनिताले तेलुगू बोलता येत नव्हती, पन वर्गात रोज दोन्ही आयकून समजू लागली होती. ती खाली बसली. घरी येऊन भाकर खाल्ली, भांडे घासले, अन् मायाकडं पाठ करून झोपली. माया कागदावर त्याच दिवशी दस्तखत झालं.

दरवाज्यात हुभी राहाचं मंग बंदच झालं, सायेब लिहून गेले ना, का आधार भरपूर हाये, लेकरंच अभ्यास करत नाईत. वनिता धाव्वीत इंग्रजीत दोनदा नापास झाली, मंग नाई बसली. काई वर्सानं मराठीचे वर्गच मोडले, म्हने लेकरं येत नाई. मी त्या साराले अन् त्या हेडमास्तराले जलमभर शिव्या देल्या, आजबी देते, त्यायची लायकी तेवढीच. पन ते खोटं त्यायनं नाई बोललं भाऊ. मी बोलली, माया लेकीच्या नावानं. माया शिव्या मलेबी हायेत.

आता मी रिटायर. हैदराबादकडचं येगळं राज्य होनार म्हनतात, होऊ द्या, शाळेतले सार लोक तेच राह्यतीन. वनिता उटनूरकडं देल्ली हाये, बरं चालू हाये तिचं. गेल्या साली बाळंतपनाले आदिलाबादच्या दवाखान्यात आनली, डाक्टरीन तेलुगू. कळा चालू, डाक्टरीन मले म्हने, अम्मा, तिले इचारा कवापासून दुखते. मी तोंड उघडलं तं वनितानं तशा कळेत मायं मनगट धरलं, अन् मोडक्यातोडक्या तेलुगूत म्हनली, हिले नोका इचारू, मायं मी सांगते.

अन् सांगितलं तिनं, एक एक शब्द शोधून शोधून. मी बाजूले सरकली. नात झाली, चांगली हाये, गोरी हाये. ती सुखात राहो, अन् तिच्या तोंडचं दुसऱ्या कोनी सांगाची पाळी तिच्यावर न येवो.