शेडमधला अंधार

दवाखान्यात माझ्या शेजारी एक पोल्ट्रीवाले आणि त्यांची बायको नंबराची वाट पाहत बसले होते.

"अहो, झोप लागत नाही हे सांगताना डॉक्टरांना मोबाईलचंही सांगा. अंथरुणात पडून तासन्‌तास बघत असता."

"त्याचा झोपेशी काय संबंध?"

"मग शेडमधले दिवे रोज आठवणीने का बंद करता?"

"अगं, कोंबड्यांना अंधार लागतोच. उजेड असला की त्यांना दिवसच वाटतो. झोप झाली नाही की एकमेकींना टोचत सुटतात."

"आणि काल भर जेवणात माझ्या भावाला काय बोललात?"

"रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता माझ्या! आता डॉक्टर गोळी देतील, झालं."

"मग कोंबड्यांनाही गोळीच द्या की."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? मुक्या जिवांना उगाच औषधं कशाला?"