अपेक्षित एक

नको, तो डबा माश्यांच्या बाटल्यांजवळ नको ठेवूस, शिहाब—रव्याच्या बसबूशाच्या पाकाचा वास लागला की वेड्या होतात त्या. इकडे दे. नादराने केलाय ना? माझ्या बहिणीचा हात असाच. मुलासाठी मागणी घालायची तर साखर दुप्पट! हसू नकोस. मामाची मुलगी म्हणजे घरच्या झाडाची खजूर, हात वर केला की आली हातात—असं वाटलं होय रे तुला? बस. हे बघ, वर्गातल्या पोरांचं काम तपासतोय. भुऱ्या माश्या आणि काळ्या माश्या. चारशे निपजल्या, तर काळ्या किती हव्यात? चारांत एक, म्हणजे शंभर. मिळाल्या नव्वद. मग नियम खोटा? नाही. काय-वर्ग, म्हणजे काय-स्क्वेअर, काढायचा—फरकाचा वर्ग, भागिले अपेक्षित, दोन्ही रंगांची बेरीज. आला एक पूर्णांक तेहतीस. मर्यादा पावणेचाराच्या थोडी वर. एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. शंभरांत पाच वेळासुद्धा पडणार नाही असा फरक दिसला, तरच नियमावर संशय घ्यायचा.

तुझ्या रक्ताचा अहवाल पाहिला मी. थॅलेसेमियाचा वाहक आहेस—तुला काही होणार नाही, बैलासारखा आहेस. पण तुझी मामी इन्साफ आणि मी, आम्ही चुलत भावंडं, दोघंही वाहक. एकच असला तर मुलांना धोका नाही. दोघं असले की प्रत्येक मुलाला तो आजार जडायची शक्यता चारांत एक. आम्हाला चार झाली. अपेक्षित एक. रिदवान गेला, समाह गेली, मग तो धाकटा—त्याचं नाव इन्साफ अजून घरात घेऊ देत नाही. सारखं रक्त चढवायचं, आणि तरी जीभ खडूसारखी पांढरी... तहानी तेवढी राहिली. एकाच्या जागी तीन! लाव म्हणशील यावर काय-वर्ग—लागत नाही. अपेक्षित संख्या पाचाच्या खाली असली की चाचणी चालत नाही, पहिल्याच तासाला सांगतो मी. मग हातानेच काढलं, दवाखान्याच्या बाकावर बसून. चारांतली तीन किंवा चारही जाण्याची शक्यता—शंभरांत पाच, वर किंचित. किंचित, शिहाब! रेघेच्या अलीकडे. म्हणजे नियमाला बोल लावता येत नाही. योगायोग म्हणायचं आणि माती लोटायची.

तहानीची तपासणी? नाही केलेली. करायचीही नाही. सुयांची धास्ती आहे तिला—भावंडांच्या हातांत पाहिल्यात ना. तिला वाटतं, आपण तेवढ्या सुटलो. वाटू दे. तू नादराला सांग, मामा हेकट आहे, त्याला कैरोचा श्रीमंत जावई हवाय—काहीही सांग. पण तुमच्या प्रत्येक पोरामागे चारांत एक, ते मी पुन्हा नाही बघणार, त्या बाकावर मी नाही—

काय?

नाही, अंदाजाने म्हणालो. तीही वाहक असेल, नसेल... असा काय बघतोस? हो, एकच असला तर धोका नाही, मीच म्हणालो आत्ता. हो.

ताप बघायला रक्त काढतात, असं सांगितलं होतं तिला. इन्साफलाही ठाऊक नाही.

चहा राहू दे. डबा उचल. ऊठ, जा—आणि मागच्या जिन्याने जा. पुढच्या दारात तहानी उभी असेल, तुझी वाट बघत.